शेवटचा वाटा

९ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पोटात काय जातं ते रोज लिहून ठेवा. एस.टी.त ड्रायव्हर होतो, लॉगशीट भरल्याशिवाय कधी डेपो सोडला नाही, तेव्हा लिहायला मी घाबरत नाही. पण लिहायचं काय? सकाळी ज्वारीची भाकर आणि बिनतेलाचा पालक. दुपारी तेच. संध्याकाळी तेच. असली डायरी वाचता वाचता डॉक्टरीणबाईच डुलक्या घेतील. म्हणून मी ठरवलं, बाकीचंही लिहायचं, आणि दाखवायची वेळ आली की खाण्यापुरतं वाचून दाखवायचं.

घरात आम्ही बंजारे गोरमाटी बोलतो. पण शाळा मराठीत झाली, मानोऱ्याला, त्यामुळे पेन हातात घेतलं की मराठीच येते. बेबीबाईचं म्हणजे माझ्या बायकोचं बोलणंही इथं मराठीतच उतरणार. तिला वाचता येत नाही, ते एक बरं आहे.

गेल्या महिन्यात छातीत कळ आली. अकोल्याला नेलं, नळी बसवली. मटण बंद, अंडी बंद, साय बंद, तेल नावापुरतं. पालेभाजी, कडधान्यं, फळं. "प्रेमसिंगजी, दुसऱ्या वेळी संधी मिळेलच असं नाही," असं डॉक्टरीणबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर एवढी भीती वाटली नसती.

खाटेवर पडल्या पडल्या मी बेबीला म्हणालो, मटणाशिवाय जगण्यात काय अर्थ आहे. ती म्हणाली, "होळीले नातवाची धुंड हाय. तवापर्यंत तं जगा. मंग पाहू."

विनोदला, आमच्या मुलाला, पुण्यात मुलगा झालाय. आमच्यात मुलाच्या पहिल्या होळीला धुंड करतात. सगळा तांडा दारात जमतो, पोराच्या डोक्यावर काठ्या धरून गाणी म्हणतात, त्याला आशीर्वाद देतात. ती पाहायचीच आहे.

१५ डिसेंबर

आज रविवार. तांड्यात बोकड पडला. आठ-दहा घरं मिळून बोकड घेतात आणि वाटे टाकायला मला बोलावतात. ही माझी जुनी चाकरी आहे. पळसाची पानं ओळीनं मांडायची, प्रत्येक पानावर थोडी कलेजी, थोडी चरबी, हाडाचं, बिनहाडाचं, सगळं सारखं. तराजू नाही. गोविंदसिंग, माझा धाकटा भाऊ, सगळ्यांना सांगत असतो की प्रेमसिंगच्या हातातच काटा आहे. आणि एक नियम आहे तो मी कधी मोडला नाही. वाटे टाकणाऱ्यानं शेवटी उचलायचं. लोकांनी आपापलं पान उचललं की जे उरेल ते माझं. म्हणून तर वाटे सारखे पडतात.

आज नाकाला रुमाल बांधून वाटे टाकले. वास कमी यावा म्हणून. पोरं हसत होती. शेवटचं पान उरलं, ते गोविंदसिंगच्या हातात दिलं आणि म्हणालो, आजपासून आमच्या घरचा वाटा तुझा. घरात मटण शिजलंच नाही तर मोह होणार नाही. मला स्वतःचं जरा कौतुक वाटलं, ते लिहायला हरकत नाही.

घरी येऊन बेबीला सांगितलं. ती चुलीत काटक्या सारत होती. म्हणाली, "बरं केलं. मले काय, मले रस्साच लागते. नाई भेटला तं नाई भेटला."

मन घट्ट असावं तर असं. मी इथं रुमाल बांधून फिरतोय आणि ती एका शब्दात सोडून मोकळी झाली.

खाल्लं: भाकर, चाकवताची भाजी. सळोईची, म्हणजे बोकडाच्या रक्ताच्या आमच्या कालवणाची, आठवण. सळोई पोटात गेली नाही म्हणून ती लिहायची की नाही, हे विचारावं लागेल.

२२ डिसेंबर

सोयाबीनचा प्रयोग फसला. आमच्या भागात जिकडेतिकडे सोयाबीन पिकतं, पण घरात कुणी खात नाही. पिकवायचं आणि मोंढ्यावर घालायचं. मोबाइलवर पाहिलं की त्यात मटणाएवढी ताकद असते. म्हटलं, हत्ती दारात बांधलाय आणि आपण पायी चाललोय. बेबी नको म्हणत असताना मूठ मूठ भिजवून अर्धंकच्चं शिजवून खाल्लं. पुढचं लिहीत नाही. रात्रभर कुत्रीसुद्धा अंगणात आली नाहीत.

सकाळी बेबी हसून हसून भिंतीला टेकली. हसता हसता तिला धाप लागली.

५ जानेवारी

परवा शेजारच्या गावची, आरोग्य खात्याची आशाताई आली होती, सुकेशनी. बौद्ध वस्तीतली मुलगी, बोलायला फटकळ पण कामाला चोख. माझी गोळ्यांची पिशवी तपासली आणि मला शाळेत बसवल्यासारखं बसवलं.

"काका, पाला पाला काय करता? नुसत्या पाल्यावर मानूस राह्यते काय? मटकीले मोड आना. हरबरे भिजवा. शेंगदाने मूठभर, भाजून. मुंगन्याचा पाला वरनात टाका. अन् वरून लिंबू पिळा. जेवनासंगं चहा नोका पिऊ."

मुंगण्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड परसातच आहे. शेंगा खायचो, पाला शेळीला जायचा. आता शेळी आणि मी एका पंगतीत.

बेबीनं लगेच मटकी भिजवली, फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवली. आज मोड आले. जिरं, हिरवी मिरची, कांदा, तेलाचा एक थेंब. वाटीभर खाल्ली आणि खरं सांगतो, मटणाची आठवण आली नाही. निदान खाताना तरी नाही. बेबीनं ठेचा आणि भाकर खाल्ली. तिला तेच आवडतं. शेंगदाणे दिले तर म्हणते दातात अडकतात. आमच्या घरात पथ्याचा एकच माणूस आहे ते बरं, नाहीतर मटकी पुरली नसती.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाची पोळी अर्धी खाल्ली, डॉक्टरीणबाईंनी तेवढी परवानगी दिली होती. बेबीनं पोळ्या सगळ्या शेजाऱ्यांकडे पाठवल्या. तिची स्वतःची कुठली होती ते दिसलं नाही.

पँट सैल झालीय. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. जिना चढताना छाती भरत नाही, शेताच्या धुऱ्यापर्यंत न थांबता जातो.

आज शिरपूरच्या गाडीची आठवण झाली. त्या गाडीवर असताना जैन यात्रेकरू डबे उघडायचे. कोरड्या पोळ्या, मुगाची डाळ, दिवस मावळायच्या आत सगळं आटपायचं. मी आणि कंडक्टर एकमेकांना कोपरानं ढोसून हसायचो. एका म्हाताऱ्या आजोबांनी मला मूग दिले होते, मी नको म्हणालो होतो. आता वाटतं, घ्यायला पाहिजे होते. ते आजोबा सत्तरीच्या पुढचे होते आणि गाडीत माझ्याआधी चढायचे.

२ फेब्रुवारी

बेबी आज हापशीवरून येताना वाटेत बसली. हंडा बाजूला ठेवून नुसतीच बसली. लिलाबाई, गोविंदसिंगची बायको, हंडा घेऊन आली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "चक्कर आली. थंडी हाय ना." थंडीनं चक्कर येते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पण तिचं तिला माहीत.

तिचे ओठ पांढरे दिसतात. की उन्हात माझेच डोळे दिपले असतील.

मी म्हणालो, तूही माझ्यासारखं सकाळी फिरायला चल, अंगात ताकद येते. ती म्हणाली, "पानी कोन आनन, तुमी?" मी म्हणालो, मी आणतो. हंडा उचलला तर तिनं काढून घेतला. छातीत नळी आहे म्हणे.

खाल्लं: भिजवलेले हरभरे, गाजर, अंबाडीची भाजी, भाकर, एक पेरू.

१६ फेब्रुवारी

शाळेत तपासणीचं शिबिर होतं. माझं सगळं उत्तम निघालं. रक्तदाब सांगताना डॉक्टरांनी मान डोलावली. तांड्यातली माणसं ओट्यावर बसली होती, त्यांना मी पाला, मोड, लिंबू यांवर छोटंसं भाषणच दिलं. भागिरथा आजी म्हणाली, "काय बाप्पा, बोकड गेला अन् बुवा झाला."

मग बेबीच्या बोटाला सुई टोचली. सुकेशनीनं मशीन पाहिलं, पुन्हा पाहिलं, दुसऱ्या बोटाला टोचलं. रक्त फक्त साडेसात.

मी म्हणालो, मशीन बिघडलंय. सुकेशनी म्हणाली, "आत्ताच तुमचं पाह्यलं काका, तवा कसं चाललं ते?"

"पण आम्ही एकाच चुलीवरचं खातो."

"मंग त्यायचं रगत कुठं जाते?" असं तिनं मला विचारलं. बेबीला नाही, मला. जसं काही मी ते लपवून ठेवलंय.

बेबीला घेऊन तिथूनच निघालो. मानोऱ्याच्या दवाखान्यात दाखवलं, लोखंडाच्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टर म्हणाले, रक्त वाढलं नाही तर सलाईनमधून औषध देऊ, पण त्याच्याही खाली गेलं तर हृदयावर ताण येईल. हृदय म्हणजे माझं, असं मी गेले तीन महिने समजत होतो. तिचंही एक आहे, हे एकदम लक्षात आलं.

२१ फेब्रुवारी

गोळ्यांनी तिला मळमळतं. मी गोविंदसिंगला म्हणालो, पुढच्या रविवारी कलेजी पाठव, बेबीला रक्त नाही. सुकेशनीनं ऐकलं आणि डाफरली. "कलेजीनं रगत वाढते, नाई कोन मनते? पन घरात शिजली का तुमचा हात जाईन. काकूले काही वेगळं करू नोका. जे तुमाले करून देते ना, तेच तिच्या पोटात गेलं का पुरे."

मी म्हणालो, तेच जातं की.

सुकेशनी बेबीकडे पाहत राहिली. बेबी सूप घेऊन तूर पाखडायला लागली. दोघींमध्ये काहीतरी होतं, पण बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही.

५ मार्च

विनोद, सूनबाई सपना आणि बाळ आले. बाळाचं नाव अर्णव ठेवलंय, तांड्यातल्या म्हाताऱ्यांना ते म्हणता येत नाही, सगळे अन्नू म्हणतात. त्यानं माझी मिशी धरली. या मिशीसाठी मी आणखी वीस वर्षं पालक खायला तयार आहे.

सपना म्हणाली, "बापू, तुमी किती बारीक झाले!" मग बेबीकडे पाहून म्हणाली, "याडी, तुमी बी?" याडी म्हणजे आई. बेबी म्हणाली, "दोघं मिळून बारीक झालो." सगळे हसले. मीही हसलो. आता लिहिताना मात्र हसू येत नाही.

१४ मार्च

धुंड झाली. आज सगळं जसं घडलं तसं लिहितो. काही मला कळलं नाही, ते नंतर कळेल.

सकाळी वाटे मीच टाकले. विनोदनं दोन बोकड घेतले होते, एक पाहुण्यांच्या पंगतीला, एक तांड्यातल्या घरांना वाटायला. रुमाल बांधला नाही. वास आला, तोंडाला पाणी सुटलं, तरी हात नीट चालला. लोकांनी पानं उचलली. सगळे म्हणाले, वाटे असावेत तर प्रेमसिंगचे. शेवटचं पान नेहमीप्रमाणे गोविंदसिंगला दिलं.

मग दारात काठ्या आल्या. अन्नूला मांडीवर घेऊन मी मध्ये बसलो. डोक्यावर काठ्यांचा मांडव, वर गाणं, पोरगं टकामका पाहतंय, रडलंसुद्धा नाही. माझे डोळे भरून आले. हेच पाहायला मी वाचलो, असं वाटलं. बाया लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, म्हणत फेर धरून नाचायला लागल्या. बेबीला मी कित्येक वर्षांत असं नाचताना पाहिलं नव्हतं. दोन फेर झाले, तिसऱ्याला ती फेरातच खाली बसली. पडली नाही, बसली. गाणं थांबलं. अन्नू माझ्या मांडीवर होता, मला उठता येईना. माझ्या हातातलं पोर कुणीतरी घ्या, असं मी ओरडलो, तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

पाणी पाजलं, गूळ दिला, ती सावध झाली. सुकेशनी पंगतीला आली होती, ती मला म्हणाली, "काका, आज तिच्यापाशीच बसा. उठू देऊ नोका." म्हणून मी पुरुषांच्या पंगतीला गेलो नाही. तसंही मला तिथं खायचं काय होतं.

पाहुणे जेवले. मग तांड्यातले पुरुष. मग पोरं. मग पुरुषांतले उशिरा आलेले. सूर्य कलला तेव्हा बायका बसल्या, परसात, मुंगण्याखाली. भाकरी सकाळपासून त्यांनीच थापल्या होत्या. मी बेबीच्या शेजारी. लिलाबाई म्हणाली, "भाऊजी, तुमी आमच्या पंगतीत? आता तं पाऊस येते वाट्टे."

पातेलं आलं. लिलाबाईनं पळी तळापर्यंत फिरवली. हाडं वाजली. तिनं तांब्याभर गरम पाणी ओतलं, मीठ टाकलं, ढवळलं, आणि सगळ्यांच्या ताटात रस्सा पडायला लागला. कुणाच्याही ताटात तुकडा नव्हता. कुणी काही म्हणालंही नाही. गप्पा चालल्या होत्या, हशा होता, भाकरी कुस्करल्या जात होत्या.

मी विचारलं, "तुकडे कुठे गेले?"

"काय मालूम," लिलाबाई म्हणाली, "आमी काय मोजाले बसतो?"

"मी सकाळी सारखे वाटे टाकले होते. तुमच्या घरचा वाटा, आमच्या घरचाही तुमच्याकडेच. दोन दोन पानं."

"हो ना, मस्त वाटे होते," ती म्हणाली. "आमचे यजमान लय खूश झाले." आणि सगळ्या हसल्या. ते हसणं मला उद्देशून नव्हतं. रोजचं हसणं होतं.

तेवढ्यात सपनानं माझ्यासमोर वाटी ठेवली. मोडाची मटकी, वर लिंबाची फोड, बाजूला भाजलेले शेंगदाणे. म्हणाली, "बापू, याडीनं पहाटेच करून ठेवली होती. मले सांगतलं, गडबडीत इसरू नोको." वाटी काठोकाठ भरलेली. शेजारी बेबीच्या ताटात पाण्याचा रस्सा आणि भाकर.

मी अर्धी मटकी तिच्या ताटात सरकवायला गेलो. तिनं माझा हात धरला. "तुमचं पथ्य हाय ते."

मला घास गेला नाही. पथ्याच्या दिवसांत पहिल्यांदाच पूर्ण उपाशी राहिलो. खाल्लं: काही नाही.

१६ मार्च

विनोद, सपना, अन्नू सकाळच्या गाडीनं गेले. घर एकदम मोठं झालं.

काल दिवसभर मी बेबीवर लक्ष ठेवून होतो. सकाळी: मला हरभरे, तिला काळा चहा. दुपारी: मला मुंगण्याच्या पाल्याचं वरण, तिला टोपलीतली शिळी भाकर, वरणाच्या भांड्याला पुसून. संध्याकाळी: मला मटकी, तिला ठेचा. मी म्हणालो, तुलाही घे ना मटकी. म्हणाली, "हाय ना." कुठे आहे? "खाल्ली मघाशी." मघाशी तर ती माझ्यासमोरच बसली होती.

आज संध्याकाळी मी परसातून पळसाची दोन पानं आणली. बेबी म्हणाली, "आता कायचा बोकड?" मी तिला पाटावर बसायला सांगितलं. चुलीजवळचं सगळं पुढ्यात ओढलं आणि वाटे टाकले. मटकी दोन्हीकडे सारखी. शेंगदाणे निवडून, फुटके-आख्खे सारखे. लिंबू मधोमध कापलं. भाकर मोडली. पाल्याची भाजी. भरताचं वांगं एकच होतं, त्याचे दोन भाग करताना सुरी दोनदा सरकवून पाहिली, बोकडाचे वाटे टाकताना कधी असं करावं लागलं नाही. गूळसुद्धा सारखा ठेवला.

ती पाहत होती. एक शेंगदाणा माझ्या पानावर सरकवायला तिनं हात पुढे केला. मी ओरडलो, "वाट्याले हात नाई लावाचा! उचल. पहिले तू. वाटे टाकनाऱ्यानं शेवटी उचलाचं, हा कायदा हाय."

"मले कायले कायदा सांगता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मीबी तं जिंदगीभर वाढूनच राह्यली ना. अन् शेवटीच घेतलं. तुमचा-माहा कायदा एकच. फरक एवढाच, का तुमी वाटे टाकता तवा शेवटीबी एक वाटा राह्यते."

चुलीत लाकूड तडकलं. मी ते आत सारलं. सगळ्या तांड्यात ज्याचा हात वाखाणतात तो मी, माझ्याच घरात पानं मांडायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"उचल," मी म्हणालो. पानं तिच्या पुढ्यात सरकवली.

तिनं दोन्ही पानांकडे पाहिलं. बाजारात भाजी निवडताना पाहते तसं, अगदी निरखून. मग डावीकडचं पान उचललं आणि म्हणाली, "यात वांगं जरा जास्त हाय."

नव्हतं. पण तिनं ते म्हटलं आणि मांडीवर पान घेऊन जेवायला लागली.

१० एप्रिल

डॉक्टरीणबाईंना अकोल्याला दाखवलं. माझं ठीक आहे. मग मी बेबीचा कागद पुढे केला. रक्त नऊच्या वर गेलंय. गोळ्या आता गुळासोबत पचतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डायरी आणली का, वाचा. मी खाण्यापुरतं वाचणार होतो. पण पान उघडलं ते कालचंच, आणि त्यात दुसरं काही नव्हतं, म्हणून जसं होतं तसं वाचलं:

सकाळी: भिजवलेले हरभरे, गूळ. दोन वाटे.
दुपारी: भाकर, मुंगण्याच्या पाल्याचं वरण, लिंबू, कांदा. दोन वाटे.
संध्याकाळी: मोडाची मटकी, शेंगदाणे, काकडी. वाटे बेबीनं टाकले. पहिला मी उचलला. शेवटचा राहिला, तो तिचा, आणि तो माझ्याएवढाच होता. मी मोजून पाहिला.